घेरियाच्या पाण्यातले हायलँडर

८ एप्रिल १७८३ ची पहाट. मुंबईहून तीन दिवसांपूर्वी निघालेलं ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमाराचं 'रेंजर' नावाचं जहाज किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेकडे चाललं होतं. जहाज लहानच, बारा तोफांचं. लेफ्टनंट प्रुएन त्याचा कप्तान. विजयदुर्गाच्या टापूत, म्हणजे इंग्रज ज्याला घेरिया म्हणत त्या पाण्यात, पेशव्यांच्या आरमाराने त्याला गाठलं. दोन मोठी जहाजं, एक त्याहून लहान आणि आठ गलबतं असा हा तांडा होता, आणि त्याचा सुभेदार होता आनंदराव धुळप. काही तास तोफा चालल्या, मग गलबतं अंगाला भिडली. 'रेंजर'वर उभं राहून लढेल असं माणूस उरेना, तेव्हा निशाण उतरलं आणि जहाज ओढून विजयदुर्गाच्या बंदरात आणलं गेलं.

आरमाराच्या इतिहासात ही लढाई धुळपांच्या पराक्रमाची म्हणून येते, आणि ती तशी आहेच. पण त्या जहाजावर कोण होतं, तिकडे आपलं सहसा लक्ष जात नाही. त्यावर तीन बडे लष्करी अंमलदार होते. मेजर शॉ लढाईतच ठार झाला. दुसरा कर्नल नॉर्मन मॅक्लाउड. हा नुसता कर्नल नव्हता, स्काय बेटावरच्या डनव्हेगन गढीचा धनी आणि मॅक्लाउड कुळाचा नायक होता. तिसरा कर्नल टॉमस मॅकेन्झी हंबरस्टन. उत्तर स्कॉटलंडातल्या सीफोर्थच्या जहागिरीचा मालक, मॅकेन्झी कुळाचा प्रमुख, वय तीसच्या आतलं. मॅक्लाउड जखमी झाला तरी वाचला. हंबरस्टनच्या अंगातून गोळा आरपार गेला होता. त्याने बावीस दिवस काढले आणि ३० एप्रिलला विजयदुर्गावर प्राण सोडला. स्कॉटिश हायलँडच्या दोन थोर कुळांचे नायक एकाच वेळी देवगड तालुक्यातल्या एका किल्ल्यात कैदेत होते, असं म्हटलं तर त्यात अतिशयोक्ती नाही.

हे लोक 'रेंजर'वर का चढले, त्याची कथा लुटीच्या वाटणीतून सुरू होते. १७८३ च्या जानेवारीत जनरल मॅथ्यूजने टिपूच्या मुलखातलं बेदनूर घेतलं. तिथली संपत्ती कुठे गेली यावरून फौजेत धुसफूस सुरू झाली. मॅक्लाउड, हंबरस्टन आणि शॉ हे तिघे छावणी सोडून थेट मुंबईला आले आणि त्यांनी मॅथ्यूजविरुद्ध गाऱ्हाणं मांडलं. मुंबई सरकारला ते पटलं. मॅथ्यूजला दूर करून सूत्रं मॅक्लाउडच्या हाती देण्याचा हुकूम निघाला. तो हुकूम घेऊन नवा सेनापती परत निघाला होता तो 'रेंजर'वरून. वाटेत धुळप भेटले. तिकडे मॅथ्यूजने टिपूपुढे शस्त्रं ठेवली आणि श्रीरंगपट्टणच्या कैदेत त्याचा अंत झाला. मॅक्लाउड वेळेवर पोचता तर बेदनूर वाचलं असतं का, हा प्रश्न इंग्रज लेखक पुढे चघळत राहिले. मला त्यात फारसं तथ्य वाटत नाही, कारण फौज तोवर पुरती विस्कटली होती.

खरी अडचण तहाची होती. सालबाईचा तह १७ मे १७८२ चा. पुण्यात नाना फडणिसांनी तो डिसेंबरात मान्य केला आणि १७८३ च्या फेब्रुवारीत कागदांची अदलाबदलही झाली. म्हणजे मराठे आणि इंग्रज यांच्यात कागदोपत्री शांतता असताना ही लढाई झाली. इंग्रजांनी कांगावा केला, मॅक्लाउडची सुटका झाली, आणि दोन्ही बाजूंना टिपूची चिंता मोठी असल्याने प्रकरण तिथेच मिटलं.

आता थोडं मागे जायला हवं, कारण ही माणसं ज्या पोशाखासाठी जगभर ओळखली जातात तो पोशाख त्यांच्या स्वतःच्या मुलखात नऊ महिन्यांपूर्वीपर्यंत गुन्हा होता.

१७४६ मध्ये कलोडनच्या माळावर हायलँडच्या बंडखोर कुळांचा चुराडा झाला. सरकारी फौजेचा सेनापती होता राजाचा मुलगा विल्यम ऑगस्टस, ड्यूक ऑफ कंबरलंड. त्यानंतर पार्लमेंटने कायदा केला की स्कॉटलंडात पुरुषाने किंवा मुलाने किल्ट, प्लेड किंवा चौकड्यांच्या टार्टन कापडाचा कोट घालू नये. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, दुसऱ्याला सात वर्षं काळं पाणी. बायकांना ही बंदी लागू नव्हती, आणि राजाच्या पलटणीत भरती झालेल्यांनाही नाही. या दुसऱ्या सवलतीतच पुढच्या सगळ्या गोष्टीचं बीज आहे. गावात किल्ट घातला तर तुरुंग, आणि तोच किल्ट पलटणीत घातला तर पगार. कायदा रद्द झाला १ जुलै १७८२ ला. मधल्या पस्तीस वर्षांत एक पिढी विजारीत वाढली, आणि किल्ट राहिला तो शिपायांच्या कमरेला.

त्या विल्यम ऑगस्टसच्या नावाचा एक किल्ला हायलँडच्या मधोमध, लॉख नेसच्या काठी होता, कुळांवर वचक ठेवायला बांधलेला. त्याचं नाव फोर्ट ऑगस्टस. आपल्या किनाऱ्याला हे नाव परकं नाही. १७६५ मध्ये मेजर गॉर्डन आणि मुंबई आरमाराचा कप्तान जॉन वॉटसन यांनी मालवणवर चाल करून सिंधुदुर्ग घेतला, तेव्हा इंग्रजांनी त्याचं नाव फोर्ट ऑगस्टस ठेवलं. कुरटे बेटावर १६६४ मध्ये ज्याचा पाया घातला गेला, त्या शिवछत्रपतींच्या जलदुर्गाचं हे बारसं. ठेवायचाच म्हणून घेतलेला किल्ला पुढे परवडेना, आणि पाडायला जावं तर तट इतका बळकट की तेही जमेना. शेवटी ३ लाख ८२ हजार ८९६ रुपयांच्या बोलीवर तो कोल्हापूरकरांना परत देण्याचं ठरलं. नाव किल्ल्याला चिकटलं नाही. मालवणात आज कुणाला फोर्ट ऑगस्टस कुठे म्हणून विचारलं तर तो तुम्हाला स्टँडवर जाऊन चौकशी करायला सांगेल. १८१२ मध्ये कोल्हापूरशी तह होऊन मालवण आणि सिंधुदुर्ग कायमचे इंग्रजांकडे गेले. तो तह घडवणारा पुण्याचा रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन स्कॉटिशच होता.

तर किल्ट. जुना किल्ट म्हणजे शिवलेलं वस्त्र नव्हे, कित्येक वार लांबीचं लोकरी कापड. ते जमिनीवर पसरायचं, मधल्या भागाच्या निऱ्या घालायच्या, त्यावर उताणं झोपायचं, दोन्ही कडा पोटावर घेऊन पट्टा आवळायचा आणि उठायचं. कमरेखाली घागऱ्यासारखा भाग, वरचा उरलेला पदर खांद्यावर. रात्री तेच पांघरूण. नऊवारी नेसणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला ही कृती समजावून सांगावी लागत नाही. आज आपण ज्याला किल्ट म्हणतो तो मात्र धाकटा: वरचा पदर कापून टाकलेला, निऱ्या शिवून पक्क्या केलेल्या. १७२० च्या दशकात ग्लेनगॅरीच्या रानात लोखंडाची भट्टी चालवणाऱ्या टॉमस रॉलिन्सन नावाच्या इंग्रजाने, मजुरांना कामात पदर आडवा येतो म्हणून ही कापाकापी केली, असं एक अठराव्या शतकातलं पत्र सांगतं. स्कॉटलंडचे अभिमानी लोक हे ऐकलं की अजून लाल होतात, आणि त्याआधीही तसा पोशाख होता याचे दाखले काढतात. वाद मिटलेला नाही. मिटूही नये, त्यावर बऱ्याच जणांच्या संध्याकाळी चांगल्या जातात.

कापडाचं गणित याहून सोपं. टार्टनमध्ये ताण्याला धाग्यांच्या रंगांचा जो क्रम असतो तोच बाण्याला असतो. वीण दोन धागे वर, दोन खाली अशी, आणि प्रत्येक ओळीला एक घर सरकणारी. म्हणून दोन रंग जिथे भेटतात तिथे बारीक तिरक्या रेघा दिसतात. हा क्रम म्हणजे सेट. जाणकार माणूस धागे मोजून सेट सांगतो. शिंपीकामातही दोन पंथ आहेत. साधा किल्ट शिवताना निऱ्या अशा बेताने घालतात की मागच्या बाजूलाही पूर्ण चौकड्यांची नक्षी अखंड दिसावी. पलटणीच्या किल्टमध्ये प्रत्येक निरीच्या मध्यावर एकच रेघ घेतात, त्यामुळे पाठमोरा शिपाई नुसत्या उभ्या रेघांचा दिसतो. चांगल्या किल्टला आठ वार कापड लागतं.

विजयदुर्गावर मेलेल्या हंबरस्टनकडे आता परत येऊ. तो ज्या सीफोर्थ हायलँडर पलटणीचा कर्नल होता, ती १७७८ मध्ये उभी राहिली. तिची सुरुवातच बंडाने झाली. आपल्याला ईस्ट इंडिया कंपनीला विकलंय अशी आवई उठल्यावर शिपायांनी एडिंबरोत आर्थर्स सीटच्या टेकडीवर जाऊन तळ ठोकला होता. समजूत काढून त्यांना खाली आणलं आणि १७८१ मध्ये खरोखरच हिंदुस्थानकडे रवाना केलं. पलटण काढणारा अर्ल ऑफ सीफोर्थ वाटेतच वारला, आणि मद्रासला पोचेपर्यंत स्कर्व्हीने शेकडो माणसं समुद्रात टाकावी लागली. या पलटणीने सरकारी गडद हिरव्या-निळ्या टार्टनमध्ये लाल आणि पांढरी रेघ घालून आपलं कापड वेगळं केलं होतं. जगात मॅकेन्झी टार्टन म्हणून जे विकलं जातं ते हेच.

हंबरस्टनमागे जहागीर आली धाकट्या भावाकडे. फ्रान्सिस मॅकेन्झी, लहानपणी तापाने कान गेलेला, आरमारात थोडा काळ काढलेला, झाडाझुडपांचा नाद असलेला. त्याने १७९३ मध्ये नवी ७८ वी पलटण उभी केली. विजयदुर्गाच्या पाण्यात तो एक गोळा इकडेतिकडे गेला असता तर हा बहिरा नायक गादीवर आला नसता. ही ७८ वी पलटण पुढे आली कुठे? ऑगस्ट १८०३ मध्ये अहमदनगरच्या पेठेच्या तटावर शिड्या लावणाऱ्यांत ती होती, आणि २३ सप्टेंबरला असईच्या रणात, जालन्याच्या वरच्या अंगाला, शिंद्यांच्या तोफांवर चालून जाणाऱ्या वेलस्लीच्या रांगेतही. असईच्या सन्मानाचं चिन्ह म्हणून तिला हत्ती मिळाला. ज्या घराण्याचा कर्ता मराठ्यांच्या कैदेत मेला, त्या घराण्याच्या पलटणीने वीस वर्षांनी मराठ्यांच्या मुलखात हे केलं. सुडाची कथा करायला हा मसाला उत्तम आहे, पण तसं काही नव्हतं. पलटण जिथे पाठवली तिथे गेली.

फ्रान्सिसचे चारही मुलगे त्याच्या डोळ्यांदेखत गेले आणि १८१५ मध्ये तो वारला. बहिऱ्या नायकाबरोबर सीफोर्थचा वंश संपेल असं ब्राहनच्या एका द्रष्ट्याने पूर्वीच सांगितलं होतं, असं स्कॉटलंडात सांगतात. ते भाकीत पुस्तकात आलं १८७७ मध्ये. भविष्य नेहमी असंच थोडं उशिरा छापलं जातं.

त्याच १८१५ मध्ये लंडनच्या हायलँड सोसायटीने कुळांच्या नायकांना पत्रं पाठवली: आपापल्या कुळाच्या टार्टनचा नमुना मोहर करून द्यावा. पुष्कळ नायक गोंधळले, कारण आपल्या कुळाचं म्हणून ठरलेलं टार्टन असतं हेच त्यांना ठाऊक नव्हतं. जुन्या काळी विणकर गावातल्या रंगांवर आणि स्वतःच्या आवडीवर चौकडे ठरवत. मॅकेन्झींना अडचण आली नाही. त्यांनी पलटणीचं कापड पाठवलं. बाकीच्यांची सोय बॅनॉकबर्नच्या विल्सन नावाच्या विणकर पेढीने केली. या पेढीच्या वहीत टार्टनना आधी नुसते आकडे असत. आज मॅकफर्सन कुळाचं म्हणून मिरवलं जाणारं एक टार्टन आधी १५५ नंबरचं होतं. मग किड नावाच्या गिऱ्हाइकाने वेस्ट इंडीजमधल्या गुलामांच्या कपड्यांसाठी ते घेतलं म्हणून 'किड' झालं, आणि त्यानंतर मॅकफर्सन. हा दाखला ट्रेव्हर-रोपर या इतिहासकाराने पुढे आणला, आणि मॅकफर्सन मंडळी त्याला विसरलेली नाहीत.

१८२२ च्या ऑगस्टात चौथा जॉर्ज एडिंबरोला आला. सोहळ्याचा सूत्रधार सर वॉल्टर स्कॉट, आणि कुळांच्या पुरुषांना कवायत देणारा कर्नल डेव्हिड स्टुअर्ट ऑफ गार्थ, जो स्वतः ७८ व्या पलटणीत राहून आला होता. राजाने स्टुअर्ट टार्टनचा पुरा साज करून घेतला. बिल १,३५४ पौंड १८ शिलिंग. किल्ट आखूड पडला म्हणून आत गुलाबी तुमान. त्यात लंडनचे माजी मेयर सर विल्यम कर्टिस, जहाजांना बिस्किटं पुरवून गबर झालेले आणि राजाइतकेच स्थूल, हुबेहूब तोच पोशाख करून दरबारात हजर झाले. दोन दिवस एडिंबरोला हसायला दुसरा विषय नव्हता. ज्या राजाच्या चुलत आजोबाच्या, म्हणजे कंबरलंडच्या, पिढीने हा पोशाख मोडून काढला, तोच राजा तो घालून मिरवला, आणि इंग्रजी बोलणाऱ्या सपाटीवरच्या स्कॉटिश लोकांनीही मग किल्ट आपलाच म्हणून शिवून घेतले.

या काळातली विक्षिप्त माणसं मोजायला बसलं तर अंक पुरणार नाही, पण ग्लेनगॅरीच्या मॅक्डोनेलला सोडून चालत नाही. हा 'खऱ्या हायलँडरांची सोसायटी' काढणारा, नोकरांचा लवाजमा मागे घेऊन हत्यारांसकट फिरणारा, द्वंद्वयुद्धात एका तरुण अंमलदाराला मारून सुटलेला. त्याने भरवलेल्या खेळांत मेलेल्या गाईचे चारही पाय नुसत्या हातांनी पिळून काढण्याची शर्यत होती. जुन्या संस्कृतीबद्दल गळा काढणाऱ्या या गृहस्थाने आपल्याच कुळातल्या रयतेला मेंढ्यांसाठी जमिनीवरून हुसकलं, आणि ती माणसं कॅनडाच्या जहाजात बसली. १८२८ मध्ये आगबोट खडकावर आदळली तेव्हा उडी मारताना डोकं आपटून तो गेला.

दुसरी जोडी ॲलन बंधूंची, जॉन आणि चार्ल्स. आपण बंडखोर राजपुत्र चार्ली याचे नातू आहोत असं ते आडून सुचवत, आणि सोबिएस्की स्टुअर्ट हे नाव लावत. लॉर्ड लोव्हॅटने त्यांना नदीतल्या बेटावर घर दिलं, तिथे ते शिंगं-झेंडे लावून छोटा दरबार भरवत. १८४२ मध्ये त्यांनी 'व्हेस्टियारियम स्कॉटिकम' नावाचा ग्रंथ छापला: सोळाव्या शतकातल्या हस्तलिखितावरून काढलेली पंचाहत्तर कुळांची टार्टन, रंगीत चित्रांसह. मूळ हस्तलिखित कुणाला पाहायला मिळालं नाही. स्कॉटने तर छापण्याआधीच संशय घेतला होता. १८४७ मध्ये एका नियतकालिकाने त्यांचं बिंग फोडलं आणि भाऊ देश सोडून गेले. म्हातारपणी ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात रोज बसत, टेबलावर छोट्या सोनेरी मुकुटांच्या लेखण्या मांडून. पण गंमत पुढे आहे. त्यांनी बेतलेली कित्येक टार्टन आज त्या त्या कुळांनी स्वीकारलेली आहेत, आणि विणायला खरोखर सुंदर आहेत. खोटा दस्त पकडणं इतिहासकाराचं काम, पण त्या कापडाचा किल्ट पाच पिढ्यांनी लग्नात घातल्यावर तो दस्त बाजूला पडतो.

त्यांचेच वारस आज स्कॉटलंडच्या ब्रेमारपासून अमेरिकेतल्या ग्रँडफादर माउंटनपर्यंत भरणाऱ्या हायलँड मेळाव्यांत भेटतात. आडनाव सांगा, तंबूतला माणूस वही उघडून तुमचं टार्टन काढून देतो. आपण हसायचं कारण नाही. विजयदुर्गावर 'साहेबाचे कट्टे' दाखवतात आणि १८ ऑगस्टला हेलियम दिन करतात, कारण १८६८ च्या त्या दिवशी खग्रास ग्रहणात लॉकियरने इथून हेलियम शोधला अशी समजूत आहे. ग्रहण खरं, तारीख खरी. पण लॉकियर तेव्हा इंग्लंडात होता आणि त्याला ती पिवळी रेघ दिसली २० ऑक्टोबरला, तिथूनच. आणि शिवजयंतीला प्रत्येक शाळेत दाढी-जिरेटोपातले बालशिवाजी उभे राहतात, तेव्हा मालवणच्या किल्ल्यातल्या शिवराजेश्वर मंदिरातली मूर्ती आठवावी. राजाराम महाराजांच्या काळातली ती मूर्ती वीरासनात आहे, आणि तिला दाढी नाही.

सीफोर्थच्या दोन्ही पलटणी १८८१ मध्ये एक झाल्या. धुळपांचं विजयदुर्ग त्याआधीच, १८१८ मध्ये, इंग्रजांकडे गेलं होतं, आणि कोकणातली पोरं मुंबईच्या फौजेत भरती होत होती. त्या फौजेतून घडलेल्या मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात आहे आणि सिंधुदुर्गातल्या कितीतरी घरांत तिथून पेन्शन येते. हायलँड पलटणींकडून हिंदी फौजेने घेतलेला पाईप बँड तिथेही वाजतो. आपल्या फौजेतल्या अनेक पलटणींच्या पाईपवाल्यांच्या खांद्यावर चौकड्यांचं कापड असतं; किल्ट मात्र नाही, खाली विजारच. सनईच्या साथीला धरलेला सूर ऐकत वाढलेल्या कानाला पाईपच्या तीन ड्रोनचा घुमारा परका वाटत नाही. जड जातं ते वेगळंच: डाव्या काखेतली पिशवी एकसारखी दाबत, तिच्यातली हवा कुठेही तुटू न देता, पावलं कवायतीत टाकत राहणं.